पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आईला फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही असं तू लिहिलंस. समोर बसून बोलायचो तेव्हा तरी ती माझं कुठे ऐकायची! पण तिला पत्र वाचून दाखवलेलं आवडतं म्हणतेस, तर लिहीत जाईन. मलाही तेच बरं. फोन कानाला लावला की आजूबाजूच्या खाटांवरचं घोरणंसुद्धा थांबतं.

मुख्य बातमी अशी की मला बढती मिळाली. स्टोअरमध्ये सिमेंटची पोती आणि फरश्यांची खोकी मोजण्याचं काम संपलं. आता अख्ख्या कॅम्पची देखरेख माझ्याकडे. इथल्या विमानतळाची नवी इमारत एक मोठी कंपनी बांधतेय, त्यातलं फरशीचं आणि रंगाचं काम आमच्या मालकाने घेतलंय. तर मालकाची सगळी माणसं राहतात तो कॅम्प मी बघायचा. लांबच लांब दोन मजली इमारती, मध्ये कपडे वाळत घालायच्या तारा, एका टोकाला जेवणघर, दुसऱ्या टोकाला माझी खोली. एकट्याची! खिडकीला पडदासुद्धा आहे. आईला हे दोनदा वाचून दाखव.

पाण्याची टाकी भरली का, कोण आजारी पडलं, कोणाचं कोणाशी वाजलं, सगळं माझ्याकडे येतं. माझ्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे, त्यात सगळ्यांचे पासपोर्ट ठेवलेत. किल्ली मी गळ्यात घालतो. पोरं विसरभोळी आहेत, कुठेतरी टाकतील आणि मग रडत बसतील. मालकाने विश्वासाने सोपवलंय म्हटल्यावर जपायला हवंच.

आपल्या घरासमोरचा फरशीवाला मजेत आहे. त्याला मीच इथे लावला हे तो सगळ्यांना सांगत असतो. त्याच्या बायकोला काळजी करू नकोस म्हणावं, मी आहे इथे.

आईचा गुडघा कसा आहे? भाऊजींना नमस्कार. भाचीबाईंना सांग, मामा आता साहेब झाला.

मुंगी, शिलाई मशीनवर रात्रंदिवस वाकून बसू नकोस. आठवण ठेव, आणि लोभ आहे त्यात थोडी भर घाल.

तुझा
दादा

*

२० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. पडद्याचा भाग तिच्या आग्रहाने तिसऱ्यांदाही वाचला. पडदा कोणी धुवायचा, असं तिने विचारलंय. लग्न केलं असतंस तर तिला असले प्रश्न पडले नसते, पण तो विषय मी काढत नाही.

गुडघा आहे तसाच. हे रोज मलम आणायला विसरतात आणि रोज आईलाच विचारतात की बरं वाटतंय का. भाचीबाई साहेब मामाकडून बूट मागतायत.

आता कामाचं. फरशीवाल्याच्या बायकोला, आपल्या समोरचीला, पोटात गाठ निघाली आहे. घाबरण्यासारखी नाही, पण काढावी लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती इस्त्रीचं काम करते हे तुला ठाऊक आहे. ते जड धूड उचलून उचलून तिला उभं राहवत नाही, तरी गाठोडी परत पाठवत नाही. घरात दोन लहान मुलं, मागे पुढे कोणी नाही. ऑपरेशनच्या वेळी नवरा इथे हवा. फॉर्मवर सही करायला मी जाईन, मुलंही माझ्याकडे राहतील, पण भूल देताना तिला त्याचं तोंड दिसायला हवंय, एवढंच तिचं म्हणणं आहे. मला तरी ते काही फार मागणं वाटलं नाही.

तिने त्याला फोन केला होता. तो म्हणाला, रजा मालक देत नाही आणि पासपोर्ट तुझ्या मैत्रिणीच्या भावाकडे आहे. ती मला हे सांगताना खाली बघत होती, जणू तिनेच काही लपवलंय.

दादा, कपाट तुझ्या खोलीत आहे ना? मग हे काम तुझ्या हातातलंच आहे. लगेच कळव.

मुलीने मध्येच येऊन कागदावर रेघ मारली आहे, ती तुला तिचा नमस्कार समज. आम्हाला विसरू नकोस, माया असू दे.

तुझी
मुंगी

*

९ मार्च

चि. मुंगीस अ. उ. आ.

तुला वाटतं तितकं हे सोपं नाही. कपाट माझ्या खोलीत असलं तरी आतल्या वस्तू मालकाच्या भरवशावर आहेत. मालकाचं म्हणणं, आगमन कक्षाची फरशी पुरी झाल्याशिवाय कोणालाही रजा नाही. एकाला सोडलं तर उद्या दहा जणांची आई आजारी पडेल. आणि पासपोर्ट हातात आले की पोरं चार पैसे जास्त देणाऱ्याकडे पळतात, हे त्याने भोगलेलं आहे. मी मधल्यामध्ये. वरून मालक, खालून पोरं आणि आता बाजूने तू.

त्यात एक नवीनच प्रकरण सुरू झालंय. मोठ्या कंपनीने कामगारांच्या सोयी बघायला एक बाई नेमल्यात. जाडजूड बूट घालून येतात आणि थेट संडासात शिरतात. पोरांनी त्यांचं नाव बूटबाई ठेवलंय. एका खोलीत किती खाटा, पंखे चालतात का, गरम पाणी येतं का, दुपारच्या उन्हात काम बंद ठेवता का, सगळं विचारतात. कंपनीने म्हणे आमच्यासारख्या प्रत्येक ठेकेदाराच्या करारातच हे नियम घातलेत.

त्या येणार हे आधी कळलं होतं. मालकाने मला सांगितलं की पोरांना नीट समजावून ठेव. मी समजावलं. खोटं बोला असं नाही सांगितलं, फक्त नको तेवढं बोलू नका म्हटलं. बाईंनी जेवणघरात सगळ्यांना विचारलं, मी बाजूला उभा होतो. सगळे म्हणाले, काही तक्रार नाही. मला बरं वाटलं. पण नंतर बाईंनी मला हसून सांगितलं की आता तुम्ही बाहेर थांबा, आणि एकेकाला वेगळं बोलावलं. दार लावून! माझाच कॅम्प, आणि मी अंगणात तारेवरच्या पँटी मोजत उभा. बाहेर येणारं कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. फरशीवालासुद्धा.

जाताना त्यांनी कपाटात काय आहे असं विचारलं. मी म्हटलं, किल्ली मालकाकडे असते. किल्ली तेव्हा शर्टाच्या आत छातीला टोचत होती.

फरशीवाल्याचं मी योग्य वेळी बोलेन. समोरचीला म्हणावं, धीर धर. आईला यातलं गरजेपुरतंच वाच.

रागावलीस तरी पत्र पाठव.

दादा

*

२३ मार्च

ती. दादास शि. सा. न.

गरजेपुरतं म्हणजे किती, ते मला ठरवता आलं नाही. म्हणून आईला फक्त बूटबाईंचा भाग वाचून दाखवला. ती खूप हसली. संडास आधी बघणारी बाई संसारी असणार, असं तिचं मत पडलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली, चौदा एप्रिल. समोरची काल आली होती. तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलली नाही. उलट म्हणाली, दादांचाही नाइलाज असेल. मी तिला चहा केला आणि दूध उतू घालवलं. तिने तुला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तुझी बाजू घेतली असती. तिने तेवढीही सोय ठेवली नाही.

मी आपली साधी शिलाई करणारी बाई. गिऱ्हाईक माझ्याकडे कापड टाकून जातं, ते मला हवं तेवढे दिवस ठेवता येत नाही. ते माझं नसतं. मागायला आलं की शिवलेलं असो नाहीतर नसो, द्यावं लागतं. तू म्हणतोस की पोरं पळून जातील. ज्याला जावंसं वाटतं त्याने जावं की! त्याला राहावंसं वाटेल असं करणं मालकाचं काम. कुलूप घालणं हे काही काम झालं नाही. आणि तू बाहेर अंगणात उभं राहिल्याचं तुला एवढं लागलं, मग जो आपल्या बायकोच्या ऑपरेशनला जाऊ शकत नाही त्याला किती लागलं असेल?

आणि एक विचारते, रागावू नकोस. तुझा स्वतःचा पासपोर्ट कुठे आहे?

हे म्हणतात, पत्र फार कडक झालंय, थोडं गोड लिही. गोड लिहायला आज जमत नाही. माया आहे म्हणूनच लिहितेय, एवढं समजून घे.

मुंगी

*

३ एप्रिल

चि. मुंगीस आशीर्वाद.

माझा पासपोर्ट मालकाच्या मुख्य ऑफिसात आहे. आलो त्या दिवशी दिला होता, त्यानंतर कधी मागावासा वाटलाच नाही. मला वाटायचं, मी त्यांच्यातला आहे. तुझं पत्र आलं तसा ऑफिसात गेलो आणि मागितला. तिथला कारकून हसला. म्हणाला, तुम्हाला कशाला हवा, तुम्ही कुठे जाणार आहात? मी म्हटलं, सहज, बघायचा होता. तो म्हणाला, मालकांना विचारा. परत येताना बसमध्ये मी कुठे उतरायचं ते विसरलो आणि एक थांबा पुढे गेलो.

मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, महिनाअखेरपर्यंत. प्रत्येकाच्या खाटेशी कुलूपवाला कप्पा कंपनी बसवून देणार आहे. घरी आजारपण असलं तर रजा द्यायची आणि परत आल्यावर जागा तीच ठेवायची. खोल्यांमधून पोरांनी आपले प्रतिनिधी निवडायचे. बूटबाई कधीही, न कळवता येणार.

मालकाने मला बोलावून घेतलं. त्याचा बेत निराळा आहे. तपासणीची कुणकुण लागली की पासपोर्ट पिशव्यांत भरून त्याच्या ड्रायव्हरकडे द्यायचे आणि कपाट रिकामं दाखवायचं. पोरांकडून एक कागद सही करून घ्यायचा की पासपोर्ट आम्ही आपखुशीने मालकाकडे ठेवले. कागद छापून तयार आहेत, माझ्या टेबलावर पडलेत.

फरशीवाल्याचं बघतो. जास्त लिहीत नाही. आईची काळजी घे.

दादा

*

१६ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधी होती. समोरची शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली असेल? कोणाचे कपडे द्यायचे राहिलेत ते. फरशीवाला उशाशी बसून हसत होता आणि डोळे पुसत होता.

हो, तो दोन दिवस आधीच येऊन पोचला. आल्याआल्या आमच्याकडे आला. मी आनंदाने म्हटलं की दादाने शेवटी रजा मिळवून दिली म्हणायची. तो म्हणाला, ताई, दादांनी तुम्हाला काहीच कळवलं नाही का?

तर आता तुझीच गोष्ट तुला सांगते, कारण तू सांगितली नाहीस. तपासणीची कुणकुण लागली, त्या सकाळी सगळे न्याहारीला बसले होते. मालकाचा ड्रायव्हर गाडी घेऊन दारात आला. तू दोन पिशव्या घेऊन खोलीतून निघालास आणि गाडीकडे जायचं सोडून जेवणघरात आलास. पिशव्या टेबलावर उपड्या केल्यास आणि एकेकाचं नाव घेऊन पासपोर्ट वाटायला लागलास. पहिलं नाव याचंच. हा म्हणतो, माझा हात पुढे होईना. काहीतरी डाव आहे असं वाटलं. एका रंगाऱ्याने विचारलं, आधी सांगा, सही कशावर करायची? तू म्हणालास की सही कशावरच करायची नाही, आपली वस्तू आहे, घ्या. तरी कोणी उठेना. मग तू टेबलांमधून फिरून ज्याच्या त्याच्या ताटाशेजारी ठेवत गेलास. बूटबाई मध्येच आल्या म्हणे आणि दाराशी उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने फोन केला, मालक आला, सगळ्यांदेखत तुला नाही नाही ते बोलला. दुपारी तुझी वळकटी आणि पेटी पायऱ्यांवर होती.

हे सांगताना त्याचा आवाज उतरला. म्हणाला, आम्ही सगळे बघत होतो, पेटी उचलायला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही. मला वाटलं, आता काही बोललो तर माझी रजा जाईल. रजा आणि तिकीट बूटबाईंनी मालकाकडून मिळवून दिलं होतं, पण विमानात बसेपर्यंत त्याचा विश्वास नव्हता.

दादा, तू झोपतोस कुठे? जेवतोस काय? नोकरी आहे की नाही? एवढं घडलं आणि तुझ्याकडून आम्हाला एक ओळ नाही! मला तुझा इतका राग आलाय आणि इतकं बरं वाटतंय की मशीनवर बसले तर सुई बोटात जाते. उलट टपाली लिही. पडद्याबद्दल नको, बाकी सगळं लिही.

तुझीच
मुंगी

*

५ मे

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

फरशीवाल्याने मीठमसाला लावून सांगितलंय. मी काही शूरपणे वाटत फिरलो नाही. बरीचशी नावं मी चुकीची वाचली. ड्रायव्हरकडे जाताना माझ्या डोक्यात एवढंच होतं की या पिशव्या त्या ऑफिसात गेल्या की तो कारकून यांनाही हसणार.

पहिल्या रात्री मोठ्या कंपनीच्या गेटवरच्या खोलीत झोपलो. दुसऱ्या दिवशी बूटबाईंनी मला कंपनीच्या वसाहतीत खाट दिली. त्यांनी मालकाला बोलावून सांगितलं की नियम पाळला म्हणून कोणाला काढलं तर तोही करारभंगच. पुढच्या मजल्याची फरशी अजून कोणाला दिलेली नाही, हेही सांगितलं. मालकाला त्यांचं पहिलं वाक्य नसेल कळलं, दुसरं बरोबर कळलं. माझा पासपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. फोटोत मी भलताच बारीक आहे. इथलं जेवण वाईट नसावं.

मालकाकडे परत जावंसं वाटलं नाही, म्हणून सध्या कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, काम संपेपर्यंत. म्हणजे पुन्हा खोकी मोजतोय. चार जणांत एक खोली.

सगळं छान झालंय असं समजू नकोस. कप्पे बसले, खाटा कमी झाल्या, दुपारी उन्हातलं काम थांबतं. पण काही पोरं अजून कप्प्याला कुलूप लावून कुलपाकडे बघत बसतात. दोघे खरोखरच दुसरीकडे गेले. बाकीचे सगळे इथेच आहेत, आणि मालकाला त्याचंच नवल वाटतंय.

कॅम्पात प्रतिनिधींची निवडणूक झाली. यादी आधीची होती, म्हणून माझंही नाव तीत होतं. खरं सांगतो, मला वाटलं होतं की मला निवडतील. नवा शर्टसुद्धा घातला होता. मला तीन मतं पडली, त्यातलं एक माझं. सह्यांबद्दल विचारणारा तो रंगारी निवडून आला. नवा शर्ट मी पेटीच्या तळाशी टाकला. मग लक्षात आलं, इतके दिवस ज्याच्यापुढे रजेसाठी हात जोडले, त्याला ही माणसं आपला म्हणून कशी निवडतील? त्यांचं बरोबर आहे. रंगारी चांगला आहे. मीटिंगमध्ये मालकाला खुर्चीवरून उठायच्या आत पाच गोष्टी विचारतो.

तोच परवा माझ्याकडे आला होता. मालकाच्या आणखी दोन साइट आहेत, दुसऱ्या कंपन्यांच्या कामावर. तिथे सगळं जुनंच चाललंय, कपाट, कुलूप, सगळं. मला तिथलंही माहीत आहे, कारण माल मोजायला दर महिन्याला मीच तिकडे फेरी मारायचो. आम्ही दोघं बूटबाईंकडे गेलो, त्या स्पष्ट बोलल्या. म्हणाल्या, कंपनीचा अधिकार आमच्या साइटपुरता. पण मालकाला पुढचं काम हवं असेल तर त्याच्या सगळ्या साइटबद्दल विचारायचा हक्क आम्ही करारात ठेवलाय. विचारायला मात्र कोणीतरी नावानिशी सांगायला हवं. तुमचं नाव आम्ही उघड करणार नाही, पण मालक ओळखेल, तेही तुम्हाला सांगून ठेवते.

मालक ओळखेलच. आणि मग या धंद्यातला एकही ठेकेदार मला दारात उभा करणार नाही. माझं वय बघता दुसरं कुठलं काम शिकणार? त्यांनी विचार करायला वेळ दिलाय. मी करतोय. तुझं मत कळव. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

भाचीबाईंच्या पायाचं माप पाठव.

असाच जीव लावत राहा, कान पिळत राहा.

तुझा
दादा

*

१९ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आईला सगळं वाचून दाखवलं, पहिल्या पत्रापासून. मध्ये गाळलेलंही वाचलं. फरशीवाला अर्धंमुर्धं बोलून गेलाच होता, तेव्हा लपवण्यात अर्थ नव्हता.

तीन मतांवर ती हसली. दोन मतं कोणी दिली असतील याचा तिने बराच वेळ विचार केला.  शेवटी तिने एवढंच विचारलं, त्या दुसऱ्या दोन साइटवर माणसं किती आहेत? मी म्हटलं, मला काय ठाऊक. ती म्हणाली, त्याला ठाऊक असेल. आणि उठून, गुडघा धरत धरत, आत गेली.

माझं मत विचारलं आहेस. ते तुला कळलेलं आहे, म्हणूनच विचारतोस. धंद्यातली दारं बंद झाली तर इकडचं एक उघडं आहे. यांनी कालच मागची खोली रिकामी केली, आणि चक्क न सांगता. दुकान वाढवायचं माझ्या मनात आहेच. कापडं मोजायला, गिऱ्हाईकाशी गोड बोलायला माणूस लागेल. गोड बोलणं तुला जमतं. पगार कमी आणि बोलणी जास्त खावी लागतील, हे आधीच सांगून ठेवते.

समोरची आता हिंडतेफिरते. इस्त्री महिनाभर बंद म्हणून चिडचिड करते. फरशीवाला परत निघालाय. मी विचारलं, खरंच जायचंय का? म्हणाला, ताई, जागा ठेवलीय, कप्पा आहे, नाही पटलं तर परत येता येतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

हे पत्र आणि मुलीच्या पायाच्या मापाचा कागद त्याच्याच हाती देतेय. आल्या दिवशी तो तुझ्या खोलीवर येईल. पेटी उचलली नाही याची त्याला अजून लाज वाटते, तेव्हा तो विषय तू काढू नकोस. त्याला बसव, चहा दे. या वेळी तो तुझ्याकडे काही मागायला येत नाहीये.

आईचा आशीर्वाद. माझा राग गेला, माया तेवढी राहिली आहे, ती जपून ठेव.

तुझी
मुंगी